जनुक तंत्रज्ञान शिकायला निघालात? बेळगाव सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी, प्रवेशाच्या कागदांपासून पहिल्या पीसीआरपर्यंत

बारावीचा निकाल लागतो, नीटचे गुण मनासारखे येत नाहीत आणि मग घरात ‘बायोटेक कर की’ हा विषय निघतो. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून या शाखेला येणाऱ्यांत असे बरेच असतात आणि त्यात वावगं काही नाही. फक्त इथे पाठांतर फार लांब नेत नाही, हे आधीच कळलेलं बरं. पाण्याच्या एका थेंबाचा पन्नासावा भाग मोजून उचलणारा हात आणि द्रावणं किती पट पातळ करायची याचा हिशेब करणारं डोकं, या दोन्हींवर सगळं चालतं. म्हणून कॉलेज निवडतानाही एकच प्रश्न धरून बसायचा: तिथे माझ्या हातात पिपेट, म्हणजे द्रव मोजून उचलायचं साधन, किती वेळा येणार?

आत जायच्या वाटा

मुख्य वाटा तीन. बीएस्सी (जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र) करून एमएस्सी. बायोटेक्नॉलॉजीची बीई किंवा बीटेक. किंवा बीएस्सी कृषी करून पदव्युत्तरला रेणवीय जीवशास्त्र. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांनी तिसऱ्या वाटेचा विचार जरूर करावा. धारवाडच्या कृषी विद्यापीठात पिकांवरचं जैवतंत्रज्ञान पदव्युत्तर पातळीवर शिकवतात आणि कर्नाटकातल्या कृषी पदवीला शेतकरी कुटुंबांसाठी वेगळ्या जागा असतात. त्यासाठी शेतीच्या कागदपत्रांबरोबर प्रात्यक्षिक परीक्षाही द्यावी लागते.

बीई करायचं तर हुबळीच्या केएलई तंत्रज्ञान विद्यापीठात ही शाखा आहे, कोल्हापुरात केआयटी या अभियांत्रिकी कॉलेजात आहे आणि बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी (व्हीटीयू) संलग्न इतर कॉलेजांतही आहे. एमएस्सीसाठी धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि गोवा विद्यापीठ ही तिन्ही बेळगावातून काही तासांच्या अंतरावर आहेत. सीमाभागात राहण्याचा हा एक फायदाच म्हणायचा.

बीईसाठी भौतिकशास्त्र आणि गणित अनिवार्य असतात. पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, ‘बायो आहे, मग गणित कशाला’ म्हणून गणित सोडलेल्यांना ही वाट बंद होते. हे दहावीनंतर लगेच सांगायला हवं आणि तेव्हाच कुणी सांगत नाही.

कागद आधी, अभ्यास नंतर

सीमाभागातल्या विद्यार्थ्याला दोन्ही राज्यांत अर्ज करता येतो, पण कागद वेगवेगळे लागतात.

कर्नाटकात सीईटी ही प्रवेशपरीक्षा केईए, म्हणजे राज्याचं परीक्षा प्राधिकरण, घेते. इयत्ता पहिली ते दुसरी पीयूसी (बारावी) या काळात किमान सात वर्षं कर्नाटकात शिकल्याचा दाखला हा नेहमीचा निकष. ग्रामीण आरक्षण हवं असेल तर पहिली ते दहावी अशी दहाही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. मुख्याध्यापकांच्या सहीवर बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) प्रतिस्वाक्षरी लागते. इथे माध्यम आडवं येत नाही. मराठी शाळेत शिकलेल्यालाही ग्रामीण आरक्षण मिळतं, कन्नड माध्यमाचं आरक्षण मात्र मिळत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करून अर्जात चुकीची खूण केली की ती पडताळणीच्या दिवशी उघडकीला येते, आणि तोवर बीईओ ऑफिसच्या फेऱ्या मारायला वेळ उरलेला नसतो.

महाराष्ट्रात बीटेकच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत ‘महाराष्ट्र-कर्नाटक विवादित सीमाभाग’ असा स्वतंत्र उमेदवार-प्रकार आहे. दहावी किंवा बारावी सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून झालेली आणि मातृभाषा मराठी असलेल्यांना त्यातून अर्ज करता येतो. लागतात दोन दाखले: एक सीमाभागाचा, दुसरा मातृभाषेचा. दोन्हींचे नमुने माहितीपुस्तिकेत छापलेले असतात. दाखला त्याच नमुन्यात हवा, शाळेच्या लेटरहेडवर स्वतःच्या शब्दांत लिहून आणलेला चालत नाही. महाराष्ट्राची प्रवेशपरीक्षा, एमएचटी-सीईटी, अर्थातच वेगळी द्यायची.

कॉलेज बघायला गेल्यावर

रंगीत माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि प्रयोगशाळा बघायची परवानगी मागा. पीसीआर यंत्र, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारं यंत्र, दिसलं की त्याच्या शेजारचं लॉगबुक उघडा. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची असेल तर यंत्र प्रदर्शनाचं आहे. वीस जणांच्या बॅचला पिपेटचे संच किती, हे विचारा. चारपाच जणांत एक संच असला तरी ठीक, वीस जणांत एक असेल तर तीन वर्षं तुम्ही लांबून बघणार. उणे २० अंशांच्या फ्रीझरला जनरेटरची जोडणी आहे का, हेही पाहा. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जायची तेव्हा जाते आणि विकरं, म्हणजे एन्झाइम्स, त्या फ्रीझरमध्येच असतात.

भाषा आणि हिशेब

मराठी माध्यमातून आलेल्याला पहिलं सत्र इंग्रजीमुळे जड जातं, यात लाजायचं काही नाही. संकल्पना मराठीत पक्क्या करा: जनुक, गुणसूत्र, प्रथिन, विकर, प्रतिलेखन. प्रयोगशाळेत मात्र प्रायमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारा डीएनएचा छोटा तुकडा), बँड (जेलवर दिसणारा डीएनएचा पट्टा), लॅडर (माहीत लांबीच्या तुकड्यांची मोजपट्टी), प्लाझ्मिड (जिवाणूतलं डीएनएचं छोटं वर्तुळ) हेच शब्द चालतात, त्यांची मराठी भाषांतरं शोधत बसू नका. धारवाड-हुबळीकडे लॅब असिस्टंटशी दोन वाक्यं कन्नडात बोलता आली की ऑटोक्लेव्हची (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) वेळ लवकर मिळते, हाही व्यवहार आहे.

हिशेबात एकच सूत्र हजार वेळा लागतं: मूळ तीव्रता गुणिले मूळ आकारमान बरोबर हवी ती तीव्रता गुणिले हवं ते आकारमान. उदाहरण घ्या. अँपिसिलिन या अँटिबायोटिकचं मूळ द्रावण मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम आहे. जिवाणू वाढवायच्या २०० मिलिलिटर माध्यमात ते मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम हवंय. म्हणजे हजारपट पातळ, म्हणजे २०० मायक्रोलिटर. हे कागदाशिवाय जमेपर्यंत सराव करा. प्रायमर कोरड्या भुकटीच्या रूपात येतो, नळीवर नॅनोमोलचा आकडा असतो. त्या आकड्याला १० ने गुणा, तितके मायक्रोलिटर पाणी घाला, तयार झालं १०० मायक्रोमोलरचं मूळ द्रावण. नळी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवायला विसरू नका. भुकटी झाकणाला चिकटलेली असते आणि उघडताक्षणी उडते.

पिपेट

बटणाला दोन थांबे असतात. द्रव घेताना पहिल्या थांब्यापर्यंत दाबून टोक द्रवात बुडवायचं आणि बटण हळू सोडायचं. बाहेर टाकताना दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबायचं. नवख्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून द्रव घेणं. मग १० ऐवजी १२-१३ मायक्रोलिटर येतात आणि आठवडाभर काही जुळत नाही. टोक दोनतीन मिलिमीटरच बुडवा, खोल बुडवलं तर बाहेरून चिकटलेला द्रवही बरोबर येतो. विकरं ग्लिसरॉलमध्ये असतात, काकवीसारखी दाट. ती घेताना बटण सोडून दोन सेकंद थांबा.

हात तपासायचा उपाय फुकटातला आहे. पाण्याच्या १ मायक्रोलिटरचं वजन १ मिलिग्रॅम. संवेदनशील तराजूवर १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा टाका. प्रत्येक वेळी ०.१०० ग्रॅमच्या आसपास वाढ दिसली पाहिजे. आकडे सतत एकाच बाजूला कमी किंवा जास्त येत असतील तर दोष बहुधा पिपेटचा, आणि वरखाली उड्या मारत असतील तर हाताचा.

पानातून डीएनए काढणं

सीटॅब (पेशी फोडून डीएनए मोकळा करणारं साबणासारखं रसायन) पद्धत शिका, आपल्याकडच्या पिकांना तीच उपयोगी. बफर म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण. त्यात सीटॅब २ टक्के, मीठ १.४ मोलर, ईडीटीए २० मिलिमोलर, ट्रिस १०० मिलिमोलर (पीएच ८) आणि वापरायच्या वेळी मर्कॅप्टोइथेनॉल ०.२ टक्के. मर्कॅप्टोइथेनॉल फ्यूम हूडमध्येच घाला, वास तर वाईट आहेच, शिवाय ते विषारी आहे.

कोवळं पान १०० मिलिग्रॅम घ्या. द्रव नायट्रोजन असेल तर त्यात कुटा, नसेल तर आधी ६५ अंशांना तापवलेल्या बफरमध्येच खलात वाटा. ६०० मायक्रोलिटर बफरसह ६५ अंशांवर अर्धा ते पाऊण तास ठेवा, अधूनमधून नळी हळू उलटी करा. गार झाल्यावर तितकंच क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल (२४ला १) घालून १२,००० फेऱ्यांवर १० मिनिटं फिरवा. वरचा थर काढताना लोभ करू नका. शेवटचे ५० मायक्रोलिटर मागे सोडा, नाहीतर मधला पांढरा प्रथिनांचा पापुद्रा पिपेटमध्ये येतो. मग ०.६ ते ०.७ पट गार आयसोप्रोपेनॉल, अर्धा तास उणे २० अंशांत, पुन्हा १० मिनिटं फिरवणं, ७० टक्के इथेनॉलने धुणं, सुकवणं आणि ५० मायक्रोलिटर टीई (ट्रिस आणि ईडीटीए) बफरमध्ये विरघळवणं. तळाशी जमलेली डीएनएची गोळी पार कडक वाळवली तर विरघळत नाही. कडा पारदर्शक दिसायला लागल्या की थांबा.

आता आपल्याकडच्या पानांचं. चिकोडी-अथणीकडचा ऊस आणला तर पानातल्या शर्करांच्या साखळ्यांमुळे गोळी चिकट, जेलीसारखी येते. खानापूरकडच्या काजूच्या पानात फेनॉलं भरपूर, म्हणून गोळी तपकिरी होते. काजूसाठी बफरमध्ये फेनॉलं धरून ठेवणारं पीव्हीपी १ ते २ टक्के घाला, उसासाठी मिठाचं प्रमाण वाढवून बघा आणि दोन्हींसाठी शक्य तितकं कोवळं पान घ्या. पहिल्याच प्रयोगाला काजू निवडणं म्हणजे पोहायला शिकण्यासाठी पावसाळ्यातली मलप्रभा निवडण्यासारखं. मूग किंवा तंबाखूने सुरुवात करा.

शुद्धता मोजताना २६० आणि २८० नॅनोमीटरचं गुणोत्तर १.८ च्या आसपास असलं की बहुतेक जण खूश होतात. २६० आणि २३० चं गुणोत्तरही बघा, ते २ च्या आसपास हवं. १ च्या खाली असेल तर शर्करा, फेनॉल किंवा क्षार उरलेत, आणि हाच डीएनए पुढे पीसीआर बंद पाडतो.

पीसीआर

२५ मायक्रोलिटरच्या एका नळीचं मिश्रण असं: दहापट तीव्र बफर (मॅग्नेशियमसह) २.५ मायक्रोलिटर, डीएनटीपी (डीएनएचे चार सुटे घटक, प्रत्येकी १० मिलिमोलर) ०.५, दोन्ही प्रायमर (१० मायक्रोमोलर) प्रत्येकी ०.५, टॅक पॉलिमरेज (डीएनएच्या प्रती काढणारं विकर) ०.२५, नमुना डीएनए १ आणि बाकी १९.७५ पाणी. ०.२५ मायक्रोलिटर वेगवेगळं आठ वेळा उचलणं कुणालाच जमत नाही, म्हणून एकत्र मिश्रण करायचं. आठ नळ्यांसाठी नऊंचं करा: बफर २२.५, डीएनटीपी ४.५, प्रायमर ४.५ आणि ४.५, टॅक २.२५, पाणी १७७.७५. बेरीज २१६. प्रत्येक नळीत २४ टाका, वर १ नमुना. सगळं बर्फावर, टॅक सर्वांत शेवटी.

आठांपैकी एका नळीत नमुन्याऐवजी पाणी आणि एकीत आधी चाललेला खात्रीचा डीएनए हवाच. ‘रसायन वाया जातं’ म्हणून या दोन नळ्या गाळणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका, या दोन नळ्यांशिवाय आलेल्या बँडचा अर्थ लावता येत नाही.

तापमान: ९५ अंशांवर ३ मिनिटं, मग ३० चक्रं (९५ वर ३० सेकंद, ५५ वर ३० सेकंद, ७२ वर दर हजार बेसना, म्हणजे डीएनएच्या ए, टी, जी, सी या अक्षरांना, १ मिनिट), शेवटी ७२ वर ५ मिनिटं. मधलं ५५ हे अंदाजाचं आहे. लहान प्रायमरसाठी ए आणि टी चे प्रत्येकी २, जी आणि सी चे प्रत्येकी ४ अंश धरून बेरीज करा आणि त्यातून ५ वजा करा, तिथून सुरुवात करायची. प्रायमर मागवण्याआधी एनसीबीआय या अमेरिकी जनुकमाहिती केंद्राच्या मोफत प्रायमर-ब्लास्टवर तपासा. उलटा प्रायमर उलट-पूरक (क्रम उलटा आणि ए-टी, जी-सी अदलाबदल) न करता तसाच मागवणं ही दर वर्षी कुणीतरी करतंच अशी चूक.

बँड आला नाही की नवखा जास्त डीएनए घालतो. पानाच्या डीएनएच्या बाबतीत आधी उलटं करून बघा: नमुना दहापट पातळ करा. अडथळा आणणारी द्रव्यंही दहापट पातळ होतात आणि बरेचदा बँड उमटतो. दुसरं एक कारण टीईमधलं ईडीटीए. ते मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि मॅग्नेशियमशिवाय टॅक चालत नाही.

जेल

पीसीआरमध्ये तयार झालेले तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करून बघायचे ते जेलवर. ५० मिलिलिटर एकपट (वापरायच्या तीव्रतेच्या) टीएई बफरमध्ये अर्धा ग्रॅम अॅगारोज, म्हणजे १ टक्का. ३०० बेसखालचे तुकडे बघायचे तर २ टक्के. बफरऐवजी पाण्यात जेल केलं तर वीज नीट वाहत नाही आणि डीएनए जागचा हलत नाही. चुकून दहापट तीव्र बफर वापरला तर जेल तापून वितळतं. डीएनए दिसण्यासाठी इथिडियम ब्रोमाइड हा रंग वापरत असाल तर मिलिलिटरला ०.५ मायक्रोग्रॅम, हातात नायट्राइल हातमोजे आणि त्या हातमोज्यांनी दाराची कडी, मोबाइल काहीही शिवायचं नाही.

नमुना ५ आणि सहापट तीव्र डाय १ मायक्रोलिटर. डीएनए ऋणभारित, म्हणून विहिरी (नमुना भरायचे जेलमधले खळगे) काळ्या तारेकडे, धाव लाल तारेकडे. इलेक्ट्रोडमधल्या दर सेंटिमीटरला ५ व्होल्ट. अंतर १५ सेंटिमीटर असेल तर ७५ व्होल्ट. घाई म्हणून १५० केले की बँड हसल्यासारखे वाकडे होतात.

वाचताना आधी लॅडर बघा. लॅडरच दिसत नसेल तर रंग घालायचा राहिला किंवा तारा उलट्या लागल्या, आणि डीएनए विहिरीतून मागे बफरमध्ये गेला. लॅडर आहे, खात्रीचा नमुनाही आहे, तुमचा नाही, तर दोष तुमच्या डीएनएत. पाण्याच्या नळीत बँड असेल तर कुठेतरी दूषण आहे. पाणी, प्रायमर, बफर एकेक करून नवीन वापरा, सगळं एकदम बदललं तर दोषी कोण ते कधीच कळणार नाही. तळाशी १०० बेसच्या खाली पुसट पट्टा हा प्रायमरच एकमेकांना चिकटल्याचा.

जिवाणूत प्लाझ्मिड घालणं

हे थोडक्यात, कारण पद्धत सोपी आहे. ५० मायक्रोलिटर सक्षम (प्लाझ्मिड आत घेऊ शकतील अशा केलेल्या) पेशी, १ मायक्रोलिटर प्लाझ्मिड, अर्धा तास बर्फ, ४२ अंशांवर ४५ सेकंद, परत २ मिनिटं बर्फ, मग अँटिबायोटिक नसलेलं माध्यम घालून ३७ अंशांवर तासभर हलवत ठेवणं आणि अँपिसिलिनच्या प्लेटवर पसरणं. प्लाझ्मिडवर अँपिसिलिनला दाद न देणारं जनुक असतं, म्हणून ते आत गेलेल्या पेशीच तिथे उगवतात. पेशी बर्फावरच वितळवा, तळहातावर धरून वितळवल्या तर मेल्याच समजा. माध्यम हाताला सोसवेल इतकं, साधारण ५० अंशांना गार झाल्याशिवाय अँपिसिलिन घालू नका, उष्णतेने ते निकामी होतं आणि प्लेटवर सगळंच उगवतं. प्लेट १६ तासांहून जास्त ठेवली तर मोठ्या वसाहतीभोवती बारीक उपवसाहती येतात. त्या उचलू नका, त्यांच्यात प्लाझ्मिड नसतं.

निपाणीचं पीक, जगाची प्रयोगवनस्पती

निपाणीचा तंबाखू विडीसाठी प्रसिद्ध. जनुक तंत्रज्ञानात हीच प्रजाती प्रयोगाची वनस्पती म्हणून जगभर वापरली जाते, कारण पानाच्या चकतीपासून पूर्ण रोप सहज येतं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला उसापेक्षा हा कितीतरी बरा. उसाची गुणसूत्रं शंभरीपार आणि अनेक प्रतींत असतात, त्यात नवखा हरवतो.

पान ७० टक्के इथेनॉलमध्ये ३० सेकंद, १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये १० मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने चार वेळा धुवा. चकत्या अॅग्रोबॅक्टेरियम या, वनस्पतीत जनुक पोचवणाऱ्या जिवाणूच्या द्रवात १० मिनिटं बुडवून दोन दिवस अंधारात एमएस या पोषक माध्यमावर (साखर लिटरला ३० ग्रॅम, पीएच ५.८). नंतर लिटरला बीएपी १ मिलिग्रॅम, एनएए ०.१ (ही दोन्ही वाढीची संप्रेरकं), जनुक न शिरलेल्या पेशी रोखायला कॅनामायसिन १०० आणि जिवाणू मारायला सेफोटॅक्सिम २५० ते ५०० असलेल्या माध्यमावर हलवा. तीनचार आठवड्यांत कोंब दिसतात. जूनपासून आपल्याकडची हवा दमट होते आणि बुरशीचा त्रास वाढतो, म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीत उरकलेलं बरं.

कोंबात पीसीआरने जनुक सापडलं म्हणून लगेच पेढे वाटू नका. पानात लपून राहिलेल्या अॅग्रोबॅक्टेरियममध्येही तेच जनुक असतं. वनस्पतीत न शिरणाऱ्या एखाद्या ‘विर’ जनुकाचे प्रायमर वापरून दुसरा पीसीआर करा. त्यातही बँड आला तर तुम्ही जिवाणूच मोजताय. कुठलं जनुक नेमकं कुठून आलं ही तपासणी किती महागात पडू शकते, ते २००८ साली मंजूर झालेल्या बीएन बीटी (बिकानेरी नरमा) कापसात दिसलं. पुढे त्यात दुसऱ्याच इव्हेंटचं, म्हणजे जनुक घातलेल्या दुसऱ्याच मूळ वाणाचं, जनुक आढळलं आणि बियाणं मागे घ्यावं लागलं.

अशा कामाला संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते, जनुकबदल केलेल्या जीवांबाबतचे १९८९ चे नियम विद्यार्थ्यालाही लागू आहेत. परजनुक न घालता जनुकसंपादन केलेल्या काही प्रकारच्या वनस्पतींना २०२२ साली या नियमांतल्या काही अटींतून सूट मिळाली आणि २०२५ साली भारतात अशा भाताच्या दोन जाती जाहीर झाल्या. त्याचा अर्थ रोप घरच्या परसात लावायला मोकळीक असा मुळीच होत नाही. प्रयोगातली प्रत्येक चकती, प्लेट आणि मातीसुद्धा १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर जाते.

पुढच्या परीक्षा

नुसत्या बीएस्सीवर संशोधनातली नोकरी क्वचित मिळते, त्यामुळे एमएस्सीची तयारी दुसऱ्या वर्षापासूनच धरा. आयआयटी जॅम या एमएस्सी प्रवेशपरीक्षेचा अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि परीक्षा फेब्रुवारीत असते, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या सत्रपरीक्षांच्या आसपासच. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या गॅट-बी या परीक्षेतून प्रवेश मिळालेल्यांना विद्यावेतन असतं. तिचा पहिला भाग बारावीच्या पातळीचा आहे आणि त्यात गणित, भौतिक, रसायन, जीवशास्त्र सगळं येतं. पीयूसीची गणिताची पुस्तकं रद्दीत घालू नका, धाकट्या भावंडाला दिली असतील तर वेळेत परत मागून घ्या.